एकशेवीस मण्यांची माळ

आमच्या कॉलेजात चंचुपात्रं मागवली की नरसाळी येतात. मी तिथला भांडारपाल. बावीस वर्षांत माणसांबद्दल एक ताळा जमला आहे: जो प्राध्यापक जितका कमी शिकवतो, तितकी त्याची मागणीची चिठ्ठी लांब. नूतन खोब्रागडे मॅडम याला अपवाद. आठ वर्षं तासिकेवर शिकवत होत्या, सिंदेवाहीहून रोज एसटीनं यायच्या, आणि दोन हजार चारच्या एप्रिलात त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं. एक माळ.

त्यांची पीएचडीची तोंडी परीक्षा चोवीस एप्रिलला होती. जूनमध्ये एक कायम जागा भरायची होती. परीक्षा झाली तरच मॅडमचं नाव त्या यादीत जाणार होतं. त्यांनी प्रबंध लिहिला होता आरएनएवर. कॉम्प्युटरनं आकृत्या काढून दिल्या होत्या; तेही अख्ख्या राज्याला वीज देणाऱ्या आमच्या गावातलं भारनियमन सांभाळून. पण बाहेरून येणारे परीक्षक म्हणे कागदावर समाधान मानणारे नव्हते. हातात धरता येईल असा नमुना हवा.

"सोपं आहे, देवाजीभाऊ," मॅडमनी मला समजावलं. "आरएनए म्हणजे लांब माळ. चार जातीचे मणी. लाल पिवळ्याले धरते, हिरवा काळ्याले. म्हणून माळ सरळ राह्यत नाई, स्वतःवरच दुमडते. इकडे दुहेरी देठ, आन् टोकाले हा मोकळा फास."

"फास काऊन मोकळा?"

"त्यात प्रोटीन येऊन बसते. त्याच्याबिगर पुढची घडी पडत नाई. आन् एकदा धरलं का दोघंही बदलतात. माळ आवळते, प्रोटीन दबते."

"प्रोटीन तक्रार नाई करत?"

"त्याले विचारते कोन?" मॅडम हसल्या.

माळ एकशेवीस मण्यांची. सुरुवातीला फासात साठ. शेवटच्या आकृतीत, प्रोटीन बसल्यावर, फक्त आठ.

जटपुरा गेटच्या आत जलालुद्दीनभाई पोत ओवतात. त्यांच्याइतका सफाईचा हात गावात दुसरा नाही, आणि तितका वेळकाढूपणाही दुसऱ्या कोणात नाही. वाटाण्यापेक्षा जरा लहान लाकडी मणी, प्रत्येकाला तारेचा बारीक आकडा, मॅडमच्या कागदावरचा क्रम. चार दिवस लागले. शेवटची गाठ मारताना भाईंनी दोरा दातात धरला आणि थांबले.

"गला किसका?"

"गळ्यात घालायची नाई, भाई. कॉलेजची आहे."

"माळ हाय ना? मग गळा लागते. आमच्या बापानं बिना नावाची गाठ कधी मारली नाई."

अर्धा तास मी त्यांना विज्ञान समजावलं. बाहेर बेचाळीस डिग्री, आत पंखा बंद. शेजारी शिलाई मशीनवर बसलेला त्यांचा पुतण्या आरिफ गालात हसत होता.

"मॅडमच्या नावानं मारू?" भाईंनी विचारलं.

"माझ्या गळ्याची समजा!" मी ओरडलो. "देवाजी! मारा आता!"

भाईंनी शांतपणे सुतळीनं माझ्या गळ्याचं माप घेतलं, ओठ हलवले आणि गाठ मारली.

प्रोटीन सुतारानं केलं होतं. सागवानाचा वांग्यासारखा गोळा. मॅडमनी माळ बोर्डावर टांगली, गोळा फासात बसवला, आकडे अडकवले. सुटले. पुन्हा अडकवले. सुटले. आठवडाभर हेच. तेवीस तारखेला मॅडमचे डोळे लाल होते आणि मी सुताराला, तारेला, भाईंना शिव्या घालून दमलो होतो.

चोवीसला परीक्षक आले. घामाघूम, जेवणाकडे लक्ष. मॅडम बोलत होत्या तोवर ठीक. मग परीक्षकांनी बोर्डाकडे बोट केलं. "हा फास आवळतो म्हणता. आवळताना दिसत नाही."

मॅडमचा आवाज बसला. परीक्षकांनी समोरचा प्रबंध मिटला.

मी पाण्याचा ग्लास द्यायला बोर्डासमोरून वाकून गेलो.

टक्.

एक लाल मणी एका पिवळ्यात अडकला होता. गोळा खाली पडला होता. फास हवेत तसाच गोल, दोन मण्यांनी लहान.

"वा," परीक्षक म्हणाले. "स्प्रिंग कुठे लपवलीत?" मग त्यांनी सही केली. "पदवी झाली. पण बारा जूनच्या निवड समितीतही मी आहे. तिथं पूर्ण घडी दाखवा. आठ मण्यांची."

त्या दिवसापासून मॅडमनी माझी खुर्ची बोर्डाजवळ मांडली. "हातगुण आहे तुमचा, भाऊ. दुसरं कोनी बसलं तर हालत नाई." ते खरं होतं. प्राचार्य उभे राहिले, दोन शिपाई उभे राहिले, मॅडम स्वतः तासभर उभ्या राहिल्या. काही नाही. मी चहा घेऊन आलो आणि टक्.

मे महिन्यात शर्टाची कॉलर सैल वाटू लागली. आरिफकडे गेलो.

"भाऊ, तुमचा गळा पंधराचा होता. आता चौदा."

"टेप धड आहे का तुझी?"

"टेप तीच हाय. तुम्ही बारीक झाले."

दवाखान्यात वजन केलं. अडुसष्ट, म्हणजे पहिल्याइतकंच. कंबर तीच, मनगट तेच. कॉलेजात येऊन मणी मोजले. फासात छप्पन्न. चार मणी म्हणजे एक इंच. विज्ञान महाविद्यालयाचा माणूस अशा बेरजेवर विश्वास ठेवत नाही. मी आठ दिवसांची रजा टाकली आणि सिरोंच्याला बहिणीकडे जाऊन गोदावरीकाठी बसलो. परत आलो तेव्हा फासात छप्पन्नच होते. मी खुर्चीत बसायच्या आत चोपन्न झाले.

मॅडमना सांगून टाकलं. त्या आधी हसल्या. मग त्यांनी माझ्या कॉलरकडे पाहिलं.

"आठ वर्षं झाली, भाऊ," त्या हळू म्हणाल्या. "बारा तारखेपर्यंतच. मग तुम्ही म्हणाल ते."

कोणीतरी रागानं बोलावं, मग नाही म्हणणं सोपं असतं. मॅडम रागावल्याच नाहीत. मी खुर्चीत बसलो.

चव्वेचाळीस मण्यांवर मात्र मी जलालुद्दीनभाईंकडे माळ घेऊन गेलो. त्यांनी गाठ चाचपली.

"खोलतो. पण दुसरं नाव द्या. गाठ बिना नावाची राहत नाई."

मी तिथं बसून स्टाफची यादी मनात वाचली. कोण कामचुकार, कोण चहाडखोर, कोण निवृत्तीला आलेला. अशी यादी मला तोंडपाठ आहे. दोन नावं ओठांपर्यंत आली. प्रत्येकाचा गळा डोळ्यांसमोर आला, त्यातून चहा उतरताना दिसला.

"राहू द्या," मी म्हणालो.

घरी येऊन कात्री घेतली. दोरा पात्यात धरला, तर आवंढा गिळता येईना. कात्री ठेवून दिली.

माळ परत बोर्डावर टांगली. मग मी घरीच राहिलो. आठ जूनला सकाळी अंगणात दात घासत होतो. कॉलेज इथून तीन किलोमीटर.

टक्.

स्पष्ट. कानाच्या खाली.

कॉलेजात जाऊन मोजलं. बेचाळीस.

आता तिला मी जवळ लागत नव्हतो.

अकरा तारखेला मॅडम भांडारात धावत आल्या. हातात पत्र. चेहरा पडलेला. "समिती पुढं ढकलली, भाऊ. परीक्षक परदेशी चालले. पुढची तारीख यथावकाश कळवू म्हणते."

"यथावकाश म्हणजे?"

मॅडमनी माझ्यासाठी चहा मागवून टेबलावर ठेवला, आणि शेजारी न सांगता एक चमचा.

फासात आज चौतीस मणी आहेत. आरिफनं कॉलर पुन्हा टाचली आहे, आणि या वेळी मापाचा आकडा मोठ्यानं बोलला नाही.

आकृतीत आठ आहेत.