भोंग्याची पूर्ण हजेरी

"चोर! अस्सल चोर!" मिरचीने उशी भिंतीवर आपटली. "त्याला पकडल्याशिवाय मी या सुट्टीत दुसरं काही करणार नाही!"

"पण उशीचा काय गुन्हा?" चष्मिसने उशी उचलून स्वतःच्या डोक्याखाली घेतली.

चष्मिस तिचा चुलतभाऊ. सुट्टीला राहायला आला होता. दोघं एकाच वर्गात होती, पण तो वर्ग कुठे आहे म्हणाल, तर कुठेच नाही! त्यांच्या शाळेला ना इमारत, ना मैदान. सकाळी आठला टॅब उघडायचा, की पडद्यावर सर आणि आपापल्या चौकटीत बसलेली मुलं. सर एकेकाचं नाव घ्यायचे, त्याने 'हजर'चं बटण दाबायचं. हिरवी खूण उमटली की झालं.

वर्षभर एकही दिवस न चुकवणाऱ्याला शाळा खरीखुरी दुर्बीण देणार होती. मिरचीचा एकच दिवस बुडाला, तोही तापाने फणफणली होती म्हणून. आणि दुर्बीण मिळाली कुणाला? भोंग्याला!

भोंगा हे नाव वर्गानेच ठेवलेलं. आवाज दणदणीत, आणि माइक बंद करायला हा पठ्ठ्या कायम विसरायचा. त्याच्या घरातलं सगळं वर्गाला ऐकू यायचं. पण सहामाहीच्या सुट्टीनंतर भोंगा एकदम गप्प झाला. कॅमेरा बंद, माइक बंद, एक विनोद नाही की एक प्रश्न नाही. हिरवी खूण मात्र रोज!

"बटण दाबायला काहीतरी यंत्र बसवलंय त्याने," मिरची म्हणाली. "आणि स्वतः उंडारत असणार!"

तेवढ्यात दार वाजलं. मिरचीने वर्गातल्या एका मैत्रिणीला मदतीला बोलावलं होतं. बाहेर एक उंचच उंच मुलगी उभी होती.

"मी गोगलगाय," ती लाजत म्हणाली.

गोगलगायीचं नेट इतकं संथ होतं, की वर्गाचं हसून संपल्यावर ही एकटीच हसायची. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. आज पहिल्यांदाच ती पडद्याबाहेर भेटत होती.

"अय्या, तू एवढी उंच?"

"आणि तू एवढीशी? पडद्यावर तर अख्खी चौकट अडवून बसतेस!"

तिघं पोट धरून हसली आणि लगेच कामाला लागली. आधी शाळेच्या मदत क्रमांकावर फोन लावला. 'तुमची अडचण आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाची आहे,' असं एक यंत्र गोड आवाजात म्हणालं आणि वाजंत्री सुरू झाली. ती थांबायचं नावच घेईना.

"हे सोडा," चष्मिस म्हणाला. "जुने तास पुन्हा बघता येतात ना? भोंग्याचा माइक तर चालूच असायचा!"

त्याने पहिल्या सत्रातला एक तास लावला. मध्येच 'फुस्स' असा आवाज आला.

"अरे, घरात साप पाळलायस का?" पडद्यावर सर विचारत होते.

"साप नाही सर, आईची वाफेची इस्त्री! लाँड्रीच्या मागेच आमची खोली आहे!" आणि भोंगा खदखदून हसला. ते ऐकून गोगलगायही हसली. या वेळी अगदी वेळेवर.

पुढे कुठेतरी घंटेचे ठोके पडू लागले. गोगलगाय मोजत होती. "नऊ ठोके? पण पडद्याच्या कोपऱ्यात तर सव्वानऊ दिसतायत."

मिरची ताडकन उठली. "मनोऱ्याचं घड्याळ! मंडईतलं! ते कायम मागे असतं, सगळं शहर त्याला नावं ठेवतं! भोंगा आपल्याच शहरात राहतो, मनोऱ्याजवळच्या लाँड्रीत!"

मनोऱ्यामागच्या गल्लीत लाँड्री एकच होती. आत एक बाई पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होत्या. टेबलाच्या कडेला खळीच्या डब्याला टेकवून एक टॅब उभा केला होता.

"किती कपडे आहेत?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"कपडे नाहीत, काकू," मिरची फणकाऱ्याने म्हणाली. "आम्हाला तुमचा मुलगा हवाय. कुठे उंडारतोय तो?"

त्यांची इस्त्री थांबली. त्यांनी मिरचीकडे नीट पाहिलं.

"तू मिरची. आवाजावरूनच कळलं. हा चष्मिस, सतत शंका विचारणारा. आणि गोगलगाय ना गं तू? तुझं नेट सुधारलं का?"

तिघं बघतच राहिली. काकूंनी इस्त्री उभी करून ठेवली, बटण बंद केलं आणि टेबलाचा आधार घेतला.

"सहामाहीच्या सुट्टीत त्याला ताप आला, बाळांनो. साधाच वाटला मला. आठवड्याच्या आत गेला माझा मुलगा."

मलाही तापच आला होता, मिरचीच्या मनात आलं. मी बरी झाले, आणि एका दिवसासाठी आकांडतांडव केलं! तिला स्वतःचा संताप आला, आणि मग भडभडून रडूच आलं. तिने कधी भोंग्याचे बूट पाहिले नव्हते, त्याच्या पाठीवर धपाटा घातला नव्हता. आणि आता तो कधीच भेटणार नव्हता.

"शाळेला मी कळवलं होतं," काकू म्हणाल्या. "दोन वेळा. दोन्ही वेळा उत्तर आलं, तुमचा संदेश मिळाला, तुमचा दिवस आनंदात जावो!"

"शी!" गोगलगायीच्या तोंडून निघालं.

"मग शाळा सुरू झाली. टॅब आपोआप वाजला. बंद करायला गेले, तर सरांनी त्याचं नाव घेतलं. वडिलांच्या नावासकट, अख्खं. घरात आम्ही दोघंच होतो गं. आता ते नाव घ्यायला दुसरं कोण आहे? पडद्यावर बटण आलं, मी दाबलं. मग रोजच दाबत गेले. दिवसभर तुम्हा सगळ्यांचे आवाज ऐकत कपड्यांना इस्त्री करायचे."

त्यांनी फळीवरून एक न उघडलेलं खोकं काढलं. त्यात दुर्बीण होती.

"हे आलं आणि माझा धीर सुटला. याला हातसुद्धा लावला नाही मी. सरांना खरं सांगून टाकायचंय. पण त्या फोनवर माणूसच भेटत नाही."

मिरचीने बाहीने नाक पुसलं. "माणूस भेटेल, काकू. आणा तो फोन!"

तिने क्रमांक लावला. तक्रारीसाठी एक, अडचणीसाठी दोन असं काहीबाही यंत्र सांगत राहिलं. 'नवीन प्रवेशासाठी तीन' म्हणताच मिरचीने तीन दाबलं. घंटा धड वाजलीही नाही, तोच एक जिवंत बाई बोलल्या, "नमस्कार! बोला ना!"

"आमच्याकडची दहा मुलं आहेत," मिरची जाड्या आवाजात म्हणाली. "पण आधी वर्गशिक्षकांशी बोलायचंय. आत्ता, याच नंबरवर नोंदलेल्या टॅबवर!"

"दहा? लगेच जोडते हं मॅडम!"

"दहा मुलं?" चष्मिस पुटपुटला. एरवी तिघं हसून लोळली असती.

पडद्यावर सर आले. घरातल्या सदऱ्यात, विस्कटलेल्या केसांनी. कुणाचा टॅब आहे ते पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"अरे भोंग्या! लेका, आवाज कुठे हरवलास इतके दिवस? कॅमेरा लाव बघू!"

काकूंनी कॅमेरा लावला आणि सगळं सांगितलं. मग सरांनी चष्मा काढला.

"ताई, मी रोज हिरवी खूण बघून पुढे जात होतो," ते म्हणाले. "एक फोन केला नाही मी. एकदाही नाही. काय तोंडाने माफी मागू?"

काकूंनी टॅब जरा वळवला, तशी तिघंही चौकटीत आली.

"आणि तुम्ही तिघं," सर म्हणाले, "आम्ही मोठ्यांनी करायचं ते काम तुम्ही केलंत. शाबास! मला तुमचा अभिमान वाटतो."

सरांच्या शाबासकीसाठी मिरची एरवी जीव टाकायची. आज तिला मान वर करता येईना.

"दुर्बीण तुमच्याकडेच राहू द्या, ताई," सर म्हणाले.

"नको, सर. ती या पोरांना द्या, तिघांत मिळून. मला एवढंच करा. त्याची हजेरी घ्या, एकदा. मग त्याचं नाव काढून टाका."

सर खुर्चीवरून उठून उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला आणि भोंग्याचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, अख्खं. पडद्यावर बटण आलं. सवयीने काकूंचं बोट पुढे गेलं. मिरचीने त्यांचा दुसरा हात घट्ट धरला. बोट तसंच थांबलं आणि मागे आलं.

"नाही आला, सर," काकू म्हणाल्या.