ओल्या भिंतीवरचं पान

"ओली आहे हं भिंत—"

हे शब्द कानावर पडले तेव्हा उशीर झालेला होता. चित्रातल्या निळ्याशी छापलेला निळा जुळतो का, हे पाहायला तिने हातातलं नमुन्याचं छापील पान भिंतीला लावून धरलं होतं. आता हात सोडला तरी पान खाली येईना. भिंतीला चिकटून मजेत बसलं होतं.

ती वळली. मागे एक तरुण उभा. खांद्यावर शिडी, कोपरावर निळा ओघळ, आणि चेहरा दुधात तोंड घालताना सापडलेल्या मांजरासारखा.

"तुम्हाला कसं कळलं, ओली आहे ते?"

"अं... दिसतंय ना."

"मला नाही दिसलं. आणि माझं कामच बघण्याचं आहे."

"वास येतोय."

"शेजारी गटार वाहतंय. त्यातून रंगाचा वास आला तुम्हाला?"

त्याने शिडी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. तिने शिडी पाहिली, कोपर पाहिलं, मग भिंतीवरची ती प्रचंड बाई पाहिली. स्टुलावर बसून, डोळे मिटून, टबात पाय सोडून बसलेली. महिन्याभरापूर्वी फोटो काढला तेव्हा बाईच्या खांद्यावर काही नव्हतं. आज तिथे टॉवेल होता. ताजा, ओला, निळ्या काठाचा, खाली पार जमिनीपर्यंत लोंबणारा.

"तुम्हीच!" ती जवळजवळ ओरडली. "तुम्हीच काढता या बायका!"

गावभर अशा बायका होत्या. लॉन्ड्रीच्या मागच्या भिंतीवर चपला काढून बसलेली एक, बसडेपोच्या कुंपणावर पिशवी उशाशी घेऊन झोपलेली दुसरी. खाली नाव नाही, सही नाही. ती ज्या प्रकाशनात काम करत होती, तिथे आजच्या चित्रकारांवर एक मोठं रंगीत पुस्तक निघत होतं. स्टुडिओत रंगवणारे, भिंती रंगवणारे, रस्त्यावर रंगवणारे. या बाईचं पान तिने हट्टाने आत घेतलं होतं. फक्त चित्रकार सापडत नव्हता, आणि त्याच्या परवानगीवाचून पान छापता येत नव्हतं.

तेव्हाच त्याने 'नाही' म्हणायला हवं होतं. पण दोन अडचणी होत्या. एक म्हणजे, खरा चित्रकार कोण हे न सांगण्याची त्याने शपथ घेतलेली होती. दुसरी अडचण समोरच उभी होती आणि त्याच्याकडे अशी बघत होती, जसं आजवर कुणी बघितलं नव्हतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्टवाल्याकडे लोक बघतात ते लिफ्ट बंद पडल्यावर, आणि तेही काही प्रेमाने नाही.

"कुणाला सांगू नका," तो म्हणाला.

हे खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

*

"टॉवेलबद्दल काय म्हणाली?" आईने पहिला प्रश्न हा विचारला.

"आई, तिला वाटलं मीच काढतो. आणि तुला टॉवेलचं पडलंय?"

"महिनाभर झोप नव्हती मला. बाई पाय ओले करून बसलीय आणि पुसायला काही नाही! सांग ना, आवडला का?"

आई दवाखान्यात नर्स होती. सगळी नोकरी उभ्याने झाली. निवृत्त झाल्यावर हातात ब्रश आला तो भिंतींवरच चालू लागला. रविवारी सकाळी दोघं कामगारांची पिवळी हेल्मेटं घालत, भिंतीपुढे ताडपत्री बांधत, 'काम चालू आहे' असा बोर्ड लावत. हेल्मेट घातलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. मुलगा शिडी धरायचा, आई चढायची.

गोम एवढीच, की आई त्यांच्या इमारतीची सेक्रेटरी होती. मागच्या भिंतीवर एका सकाळी भलंमोठं चित्र उगवलं तेव्हा सभासदांनी गोंधळ घातला, आणि सेक्रेटरीबाईंना जिन्यात नोटीस लावावी लागली: भिंती रंगवणाऱ्यावर कडक कारवाई होईल. खाली आईचीच सही.

"तिला खरं सांगू दे मला," तो म्हणाला.

"सांग. मग तळमजल्यावरचे काका माझी वरात काढतील ना, तेव्हा तूच पुढे नाच."

तो 'उद्या सांगू' म्हणाला. आणि उद्या म्हटलेली गोष्ट कशी असते, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

*

ती परवानगी मागायला येई. तो 'बघू' म्हणे. बघता बघता दोघांचा एक बाकच ठरून गेला, डेपोसमोरचा. ती ऑफिसातली चित्रांची पुस्तकं घेऊन येई. गुळगुळीत जाड कागदाची ती पुस्तकं, वजनाला दगड! दुसऱ्याच भेटीत त्याने न विचारता तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली.

"या बायका नेहमी बसलेल्याच का असतात?"

"पाय दुखतात म्हणून."

तिने वही काढून ते टिपून घेतलं.

"आणि निळा कुठला वापरता?"

"डब्यात असेल तो. निळा म्हणजे निळा."

तिने हे वाक्य जसंच्या तसं मजकुरात घातलं. प्रकाशनाच्या मालकीणबाईंनी, ज्यांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणत, चष्मा कपाळावर सरकवून ते दोनदा वाचलं. "निळा म्हणजे निळा... काय खोल बोललाय गं हा माणूस!"

त्याच्या नखांत कायम ग्रीसचा काळेपणा असे. म्हणून तो पुस्तकाला हात लावत नसे. पान ती उलटायची.

"पुढे?"

"थांबा... हं, पुढे."

एखाद्या चित्रापाशी तो उगीच रेंगाळे. चित्र कळत नसे, पण पान उलटलं की तिचा हात लांब जाई, म्हणून. तिच्याही ते लक्षात आलं असावं, कारण हळूहळू तीही सावकाश पानं उलटू लागली.

एकदा अचानक सरी आल्या. त्याने पुस्तक स्वतःच्या जाकिटात घातलं, वरपर्यंत चेन ओढली, आणि डोक्यावरून पाणी निथळत उभा राहिला.

"अहो, भिजताय!"

"मी वाळेन. पुस्तक नाही वाळणार."

एकदा तो तिला ऑफिसच्या दारापर्यंत सोडायला आला. लिफ्टचा आवाज ऐकून त्याने मान तिरकी केली. "ही दोन-तीन दिवसांत बसणार." लिफ्ट खरंच बंद पडली. चित्रकारांचं लक्ष कुठे कुठे असतं, याचं तिला केवढं कौतुक वाटलं!

आणि तो? घरी जाताना रोज स्वतःला शिव्या घालायचा. ती ज्याच्यावर खूश होती तो दुसराच कुणीतरी होता. आपण नुसती शिडी धरणारे. खरं कळलं की ही एकदा बघेल, पिशवी उचलेल आणि जाईल.

*

शुक्रवारी मोठ्या बाईंनी तिला बोलावलं. टेबलावर सगळी पानं पसरलेली. त्यांचं बोट टबातल्या बाईवर होतं.

"या चित्रकारावर पाच ओळी लिहायच्या होत्या. तू पानभर लिहिलंयस."

"मावलं नाही."

"मजकूर मावला नाही, की दुसरं काही?"

ती टेबलाच्या कडेवरचा टवका नखाने उकरत राहिली.

"जीव जडलाय का गं?"

"...हो. बहुतेक. म्हणजे, हो."

मोठ्या बाईंनी सुस्कारा सोडला. इथला नियम सगळ्यांना माहीत होता, आणि त्यामागची हकीकतही. बाईंनी तरुणपणी काढलेल्या एका पुस्तकात स्वतःच्या नवऱ्याच्या चित्रांना आठ पानं दिली होती. माणूस गुणी होता, पण दोन पानांचा. लोकांनी त्या पुस्तकाला 'लग्नाचा अल्बम' म्हणायला सुरुवात केली. तेव्हापासून या प्रकाशनाचा नियम होता: ज्याच्यावर जीव, त्याला पान नाही.

"परवानगी अजून आलेली नाहीच. सोमवारी पुस्तक छपाईला जातंय," मोठ्या बाई म्हणाल्या. "एक तर पान राहील, नाहीतर माणूस. मी सांगणार नाही कुठलं ते."

ते तिने शोधून काढलेलं पहिलं पान होतं. आजवर ती इतरांनी निवडलेल्या चित्रांखाली ओळी लिहीत आली होती. हे एक तिचं स्वतःचं. आणि ज्याचं पान काढायचं, तो काय म्हणेल? 'माझ्या कामापेक्षा तुम्हाला बाकावर बसणं महत्त्वाचं?' असं म्हणाला तर?

संध्याकाळी त्याचा फोन आला. "रविवारी सकाळी याल? बाजारामागच्या भिंतीपाशी. 'काम चालू आहे' असा बोर्ड असेल. मला... एक सांगायचंय."

"मलाही," ती म्हणाली.

*

रविवारी ढग होते, पाऊस नव्हता. ताडपत्री वाऱ्याने फुगत होती. तो डोक्यावरचं पिवळं हेल्मेट काढायला विसरला होता.

"आधी तुम्ही," ती म्हणाली.

"नाही, आधी तुम्ही."

"बरं..." तिने पिशवीचा पट्टा घट्ट धरला. "तुमचं पान मी पुस्तकातून काढतेय."

"काढताय? चांगलं नव्हतं?"

"सगळ्या पुस्तकात चांगलं होतं! पण आमच्याकडे नियम आहे. ज्याच्यावर... म्हणजे, पुस्तक करणाऱ्याचा ज्या चित्रकारावर... शी! तुम्ही हेल्मेट काढा आधी, मला हसू येतंय आणि मी रडायच्या बेतात आहे."

त्याने हेल्मेट काढलं. केस चपटे बसले होते.

"मला तुम्ही आवडता," ती एका दमात म्हणाली. "म्हणून पान नाही. चिडायचं असेल तर चिडा."

तो चिडला नाही. त्याचा चेहरा मात्र असा झाला, की तिला वाटलं, झालं, संपलं सगळं.

"तुम्हाला आवडतो तो मी नाही," तो म्हणाला. "मी चित्रकार नाही. माझ्या हातात ब्रश दिलात तर कुंपणसुद्धा वाकडं रंगेल. मी लिफ्ट दुरुस्त करतो. इथे फक्त शिडी धरतो. त्या दिवशी बोलायला हवं होतं. रोज ठरवत होतो, आणि रोज तुम्ही 'पुढे?' म्हणत होता..."

वारा पडला. ताडपत्री खाली बसली.

"म्हणजे एवढे दिवस मी कुणाशी बोलत होते?" तिचा आवाज चढला. "सांगा ना! मी तुमची वाक्यं छापायला दिलीयत! 'निळा म्हणजे निळा' वाचून मोठ्या बाई गहिवरल्या!"

"ते वाक्य माझंच आहे. म्हणून तसलं आहे."

"आणि 'पाय दुखतात म्हणून'?"

"ते उसनं. बाकी पिशवी उचलली ती मीच. भिजलो तो मी. लिफ्टचं सांगितलं तेही मी."

ती पाठ करून उभी राहिली. रागावली होती, खरंच रागावली होती. पण रागातही तिने मनाशी हिशेब मांडला. आपला जीव नेमका कशावर जडला? भिंतीवर? निळ्यावर? आठवत होतं ते जाकिटाची चेन ओढणं, मान तिरकी करून ऐकणं, पान उलटायला हात गेला की श्वास रोखणं. यात रंगाचा थेंबसुद्धा नव्हता.

मग तिला दुसरी एक गोष्ट सुचली. ती गर्रकन वळली.

"थांबा. तुम्ही चित्रकार नाही?"

"नाही हो. शपथ."

"म्हणजे तुम्ही पुस्तकात नाहीच!"

"नाही..."

"म्हणजे पान राहणार!" ती हसायलाच लागली. दोन रात्री उरावर ठेवलेली शिळा कुणी अलगद उचलून घ्यावी, तसं. "अरे देवा, तुम्ही लिफ्टवाले आहात! केवढं बरं झालं!"

लिफ्टवाला असल्याबद्दल इतकं कौतुक आजवर कुणाच्या वाट्याला आलं नसेल. तोही हसला, आधी भीत भीत, मग मोकळा.

"खोटं बोललात त्याचा राग आहे हं. तो वेगळा."

"चालेल. तो ठेवा. रोज थोडा थोडा काढा."

"झालं का तुमचं?" ताडपत्रीमागून बाईचा आवाज आला. "इथे मी वर लटकलेय. शिडी कुणी धरायची, शेजाऱ्यांनी?"

*

"माझी आई. या बायका हीच काढते," असं तो म्हणेपर्यंत सेक्रेटरीबाई हेल्मेट सावरत खाली उतरल्या. तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "टॉवेल ओला असताना कागद चिकटवलास तो तूच ना? रंग निघालाय तिथे, धागे सुटल्यासारखा."

"चुकलं, काकू."

"आणि परवानगीचं म्हणशील तर नाही. कमिटीत तोंड दाखवायचंय मला."

तिने वाद घातला नाही. पिशवीतून पान काढून त्यांच्या हातात दिलं. आईने हात पुसले, चष्मा लावला आणि पान लांब धरलं. मग आणखी लांब धरलं.

"मी हिला कधी अख्खी पाहिलीच नव्हती," त्या हळूच म्हणाल्या. "शिडीवरून एक गुडघा दिसतो, नाहीतर एक कान. संपलं की पळायची घाई. लांब उभं राहून कोण बघणार..." मग एकदम मुलाकडे वळून, "अरे, चांगली काढलीय की मी!"

"मग कमिटी?" त्याने विचारलं.

"नोटीस मी लावली, मीच काढीन. तळमजल्यावरच्यांना सांगीन, आधी स्वतःच्या चपला जिन्यातून उचला. पण हा फोटो नको. यात टॉवेल नाही. आणि नाव माझं पूर्ण घाल, लिफ्टवाल्याचं एकही वाक्य नको."

तिने तिथूनच मोठ्या बाईंना फोन लावला, सगळं सांगितलं, आणि जीभ चावत विचारलं, "पण बाई... उद्या त्या माझ्या सासूबाई झाल्या तर? नियमात बसेल?"

पलीकडे चष्मा खाली ठेवल्याचा खट् आवाज आला.

"सासूवर कुणाचा जीव जडलेला मी तरी ऐकला नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "पान ठेव. फोटोवाल्याला पाठवते."

दुपारी ऊन आलं. फोटोवाल्याने टबातल्या बाईसमोर तिवई मांडली आणि हाक दिली, "भिंत केवढी आहे ते पुस्तकात कळत नाही. मापाला म्हणून एक माणूस हवा. कोण उभं राहतंय?"

"जा," आई दोघांना म्हणाली.

ते बाईच्या, पाण्यात दिसणाऱ्या पायाच्या अंगठ्याशी जाऊन उभे राहिले. अंगठा तिच्या कमरेइतका होता. तिने मान वर करून पाहिलं, मग शेजारी पाहिलं.

"घाबरलास?" तिने विचारलं.

"फोटोला?"

"बाकी सगळ्याला."

"सकाळी घाबरलो होतो. आता नाही."

ग्रीसने काळा झालेला हात त्याने पाठीमागे लपवला होता. तिने तो तिथूनच शोधून काढला.

"अहो, जरा लांब उभे राहा," फोटोवाला कॅमेऱ्यात डोळा घालून ओरडला. "इथून दोघं मिळून एकच माणूस दिसताय!"

"असू दे," मागून आईचा आवाज आला. "एकच मागितला होतास ना? काढ तसाच."