खालून आलेली थाप

उद्यापासून शाळेची गाडी तुमच्या हाती येऊन राह्यली म्हणता, तर बसा जरा. विडी पेटवतो. ही गोष्ट ऐकीव नाई. श्रीहरी माझा साळा, त्याच्यासंगं घडली. मले सांगताना त्याच्या हातातला चहा थंड होऊन गेला होता.

सन सत्त्याऐंशी. घोट गावाच्या पलीकडं जंगलात एक आश्रमशाळा होती, तिची एक जुनी बस. झिंगूभाऊ ड्रायव्हर, पण तो आता म्हातारा झालेला. त्याच्या जागी श्रीहरीले घ्यायचं ठरलं. हेडमास्तरची अट एकच. झिंगूभाऊ म्हणंल 'पोरगा तयार झाला', तेव्हाच नोकरी पक्की. श्रीहरीची बायको पोटुशी, घरात दुसरी कमाई नाई. त्याले ती नोकरी पाहिजेच होती.

श्रीहरी ट्रक चालवलेला माणूस, त्याले गाडी काय शिकवायची? पण झिंगूभाऊ गाडी शिकवतच नव्हता, पोट्टे सांभाळणं शिकवत होता. गाडी थांबली का उतर. निघायच्या आधी मागं जा, पत्र्यावर तळहातानं थाप मार अन् कान देऊन उभा राह्य. पोट्टे उन्हाळ्यात सावलीले घुसतात गाडीखाली, हिवाळ्यात इंजिनच्या ऊबेले. त्यांले शिकवलं होतं, थाप ऐकली का खालून उलटी थाप द्यायची अन् बाहेर निघायचं.

महिना झाला. श्रीहरीनं थाप मारली का झिंगूभाऊ विचारे, "काही ऐकू आलं?"

"नाई भाऊ. खाली कोणी नाईच, तं काय ऐकू येईन?"

"मंग अजून तयार नाई तू."

श्रीहरीचं डोकं फिरे. म्हाताऱ्याले सीट सोडवत नाई, असंच त्याले वाटे.

महाशिवरात्रीले पोट्ट्यांले मार्कंड्याच्या जत्रेत नेलं. परततानी रात्र झाली. काळीकुट्ट रात्र, थंडी मरणाची. जंगलात एका नाल्यापाशी इंजिन तापलं. गाडी थांबवून पाणी टाकलं. पोट्टे लघवीले उतरले, चढले. संगं आलेले गुरुजी अर्धे झोपेत. म्हणाले, "चढले सारे. चाल."

श्रीहरी मागं गेला. थाप मारली.

खालून थाप आली.

लहान हाताची.

"निघ बाहेर."

कोणी निघालं नाई. त्यानं वाकून टॉर्च मारला. मागच्या चाकांपाशी नुसती माती...

पुन्हा थाप मारली. पुन्हा आली. आता अगदी त्याच्या हाताखालून. पत्रा हलला. त्याच्या तळहाताले धक्का लागला.

तो पळत केबिनपाशी आला. "भाऊ, खाली कोणी आहे. पण दिसत नाई..."

झिंगूभाऊ सीटवरून हलला नाई.

"तो दिसत नसते," म्हणाला. "काऊन वाजवून राह्यला, ते पाह्य."

श्रीहरीनं टॉर्च पुढच्या चाकाकडं नेला.

चाकाले टेकून, इंजिनच्या ऊबेत, बुधरी निजली होती. दुसरीतली पोर. अंगावर चादर. दोन्ही हात पोटाशी घेतलेले. गाढ झोपेत.

त्यानं तिले उचलून गुरुजींजवळ दिलं. गाडी सुरू केली असती तर...

गाडी रस्त्याले लागल्यावर झिंगूभाऊ हळूच म्हणाला, "सुकलू नाव होतं त्याचं. माझ्याच चाकाखाली गेला. तेव्हा मी खाली उतरत नव्हतो."

त्यानं मागं निजलेल्या पोट्ट्यांकडं पाह्यलं.

"आता तुले ऐकू येते. उद्या हेडमास्तरले सांगतो, पोरगा तयार झाला."

"भाऊ, मले नाई पाहिजे..."

"त्याले एकटा सोडून जाता येत नाई मले. कोणाच्या तरी हाती द्या लागते."

श्रीहरीनं ती नोकरी केली. बस भंगारात निघेपर्यंत केली. एकाही पोट्ट्याले खरचटलं नाई. रोज थाप मारे. खालून काय येत होतं... ते त्यानं सांगितलं नाई, मी विचारलं नाई.

मागच्या वर्षी श्रीहरी गेला. तेरवी झाल्यावर मी मुद्दाम त्या शाळेत गेलो. बस अजून मागं पडून आहे. चाकं नाई, विटांवर टेकवलेली, काचा नाई, सारी गंजली. मागच्या पत्र्याखाली वाकून पाह्यलं. गंज. चिखल. कोळ्याची जाळी.

अन् पत्र्याच्या मधोमध एवढुशी जागा... लहान पोराच्या तळहाताएवढी.

चकचकीत. रोज हात लागते तशी.