इमानाच्या पट्टीवरलं घर

लाईट गेली तशी पोरं तात्यारावांच्या ओट्यावर सरकून बसली. तात्यारावांनी विडी पेटवली.

"ही रंगनाथची गोष्ट. हापिसात माझ्या शेजारच्या टेबलाला असायचा. खोटं बोलायची सवय न्हवती त्याला."

पंच्याहत्तर साल. पौष अमावास्या, मंगळवार. हापिस सुटल्यावर रंगनाथ नव्या घराच्या भिंतींना पाणी मारायला गेला. परभणीच्या कडेला, जिथं पूर्वी एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेठची इमान उतरायची पट्टी होती तिथं. एके सांजेला शेठ इमान घेऊन उडाला, तो परत आलाच न्हाई. त्याच्या पोरांनी पट्टीचे प्लॉट पाडले. राखणदार सटवाजी मात्र मरेपर्यंत रोज अंधार पडला की तिथली ढोरं हाकलायचा. शेठ उतरायचे म्हणून.

प्लॉट घेतला तवा रंगनाथची बायको गीताबाई होती. कुठं चूल, कुठं देव, तिनंच काठीनं आखलं होतं. दिवाळीच्या आधी ती तापानं गेली. तवापासून रंगनाथ जेवायचा, हापिसात यायचा, सही करायचा. रडला न्हाई. घर बांधत राह्यला, कारण गवंडी रोज यायचा.

सव्वाआठला पाणी मारून झालं. मधल्या खोलीत रिकाम्या पोत्यावर तो टेकला. चौकटीला अजून दार न्हवतं. चौकटीत कुणीतरी उभं राह्यलं.

"साहेब, बाजूला व्हा. शेठ यायलेत."

आवाज ओळखीचा. सटवाजी. दोन सालाखाली त्याच्या मातीला रंगनाथ स्वतः गेला होता. आपण भ्यायला पायजे, हे त्याला कळत होतं. पण आत काही हललंच न्हाई.

"येऊ दे," तो म्हणाला.

"जागा मोकळी लागते साहेब. तुमी मधी बसलाव."

"सटवाजी... आमची गीता... तिकडं दिसली का?"

सटवाजीनं आभाळाकडं मान वळवली.

लांबून घरघर आली.

"उठा साहेब."

रंगनाथ उठला. भ्याला म्हणून न्हाई. कुणीतरी उठा म्हणलं म्हणून. रस्त्यावर जाऊन उभा राह्यला.

घरघर जवळ आली. आभाळात दिवा न्हाई. कुत्री गप्प. मग... घराच्या आरपार काहीतरी गेलं. अंगातला सदरा मागं ताणला. आणि थांबलं सगळं.

तो तिथंच उभा. गीताबाई दिसली न्हाई, असं सटवाजी म्हणला न्हवता ना... पहाटेपर्यंत उभा. कुणी आलं न्हाई.

उजाडल्यावर गवंडी लिंबाजी आला. आत गेला, तसाच बाहेर आला.

"साहेब, हे काय सांडलंय?"

पट्टीवरच्या पहिल्या घराच्या ओट्यापासून शेवटच्या घराच्या परसापर्यंत काळ्या तेलाचे थेंब. एका रेषेत. भिंतीच्या अल्याड थेंब, पल्याड थेंब. भिंतीला डाग न्हाई.

तात्यारावांची विडी विझली होती. त्यांनी ती परत पेटवली न्हाई.

"तिथंच राहतो तो अजून, एकटा. डाग जात न्हाईत म्हणून गेल्या चार वर्षांत दोनदा फरशी बदलली. परवा चहाला गेलो, तर मधल्या खोलीत तेलाचा एक थेंब. बोट लावलं मी..."

"मग?"

"कोमट होता."