पडद्यावरचे चाळीस टक्के

"काका, टाकी वाहते आहे," पुष्कर धापा टाकत पंपघरात शिरला.

माधवकाकांनी संगणकाकडे बोट दाखवलं. "चाळीसच टक्के भरली आहे. उन्हात हुंदडून तुझं डोकं फिरलंय."

अवंतिकाने खिडकीतून डोकावलं. टेकडीवरच्या टाकीतून पाणी कोसळत होतं आणि दोन म्हशी त्याखाली मजेत उभ्या होत्या. नुकतीच पूजा आटोपलेले काका तसेच अनवाणी धावले आणि त्यांनी हाताने पंप बंद केला.

मे महिन्याची सुट्टी होती. टाकी सांडली की दुसऱ्या दिवशी किला गेटकडच्या नळांना पाणी पुरत नसे, आणि हे तिसऱ्यांदा झालं होतं. पाणीपुरवठ्याच्या संग्रामसिंह साहेबांनी काकांना आधीच नोटीस दिली होती: ड्युटीवर झोपता, शनिवारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर नोकरी जाईल. सत्तावीस वर्षं इमानेइतबारे काम केलेल्या आपल्या काकाला असं कुणी म्हणावं, याचा अवंतिकाला भयंकर राग आला होता.

"तिन्ही वेळा गुरुवारच होता," नोंदवहीतल्या तारखा पाहून ती म्हणाली.

सोबत आलेला शेजारचा अपूर्व नववीत होता, त्याला संगणकाचं वेड होतं आणि तो हिंदी मिसळून मराठी बोलायचा. "गुरुवारला यहाँ अलग काय होतं?" त्याने विचारलं.

"दत्ताची पूजा. पंपाला हळद-कुंकू, मग आरती, मग पेढे," पुष्करने सांगितलं. पेढ्यांवर त्याचा विशेष जोर होता.

आरती याच संगणकावर लागायची. दर बुधवारी काका पाटणकर बाजारात एका झेरॉक्सवाल्याकडून पेनड्राइव्हमध्ये नवी भजनं भरून आणत. आवाज मोठा येतो म्हणून सगळ्यांची सोय झाली होती.

अपूर्व पडद्याजवळ गेला. पासवर्ड कडेलाच चिकटवलेला होता, एक ते सहा, ओळीने.

"काका, ही सिस्टम तर मेरे पैदा होने के पहले की है. कंपनीने अपडेट देणं केव्हाच बंद केलं. आता यात कोणताही व्हायरस आरामात शिरेल."

त्याने पेनड्राइव्ह घरी नेऊन आपल्या लॅपटॉपला लावला. लॅपटॉपने लगेच धोक्याची सूचना दिली आणि पेनड्राइव्ह उघडायचं नाकारलं. पंपघरातला म्हातारा संगणक मात्र गेले तीन गुरुवार या पाहुण्याला, म्हणजे व्हायरसला, आत घेत होता. मग आकडा होता तिथे अडकायचा आणि पंप चालूच राहायचा. काका संगणक बंद-चालू करायचे, आकडा सुधारायचा आणि पुरावाही पुसला जायचा.

"तर मग या वेळी तो बंद-चालू करायचाच नाही," अवंतिका म्हणाली. "काका, शनिवारपर्यंत टाकी डोळ्यांनी बघून पंप चालवाल?"

काका कबूल झाले. पण तिचा पाय तिथून निघेना. "काका, तुम्ही झोपला नव्हतात. पण पेनड्राइव्ह तुमचा होता."

तिला रडू येईल असं वाटलं.

"मग तेही साहेबांना सांगू," काका म्हणाले. "मीच सांगेन."

शनिवारी साहेब आले ते घुश्शातच. "संगणक चुकत नाही, माणूस चुकतो," त्यांनी सुरुवातीलाच सुनावलं.

"साहेब, टाकीत आत्ता किती पाणी आहे?" अवंतिकाने विचारलं.

"दिसत नाही का? चाळीस टक्के."

"बाहेर येऊन पाहाल?"

टाकीच्या अंगावर फुटांच्या खुणा रंगवल्या होत्या आणि पाण्याबरोबर सरकणारा जुना काटा त्यावर होता. काटा वरच्या काठाला टेकला होता. साहेबांनी काटा पाहिला, आत येऊन पडदा पाहिला, पुन्हा बाहेर जाऊन काटा पाहिला.

"परवापासून चाळीसच आहे," पुष्करने नम्रपणे सांगितलं.

काकांनी पेनड्राइव्हची गोष्ट न लपवता सांगितली. साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण अवंतिका थांबली नाही. "साहेब, पाण्यात क्लोरीन किती घालायचं तेही हाच संगणक ठरवतो. या वेळी फक्त आकडा अडकला. कुणी मुद्दाम आत शिरून तो बदलला तर?"

साहेब खुर्चीत बसले. "नवा संगणक मागणारं माधवरावांचं पत्र दोन वर्षं माझ्या टेबलावर आहे. चालतंय ना, म्हणून मी हात लावला नाही." त्यांनी नोटीस मागून घेतली आणि दुमडून खिशात घातली. "खुलासा आता मला लिहायचा आहे. त्यात तुम्हा तिघा मुलांची नावं असतील. तुम्ही ज्या पद्धतीने शोध घेतलात, तसा आमच्यापैकी कुणीच घेतला नाही."

त्याच दिवशी इंजिनिअर आले. संगणक बाजूला झाला आणि नवा येईपर्यंत पंप काट्याकडे बघून चालवायचं ठरलं.

सगळे पांगल्यावर काका अवंतिकाजवळ येऊन बसले. "तुला एक सांगू? पडदा चाळीस म्हणायचा आणि टाकी सांडलेली असायची. परवा परवा मलाच वाटायला लागलं होतं, की खरंच माझा डोळा लागत असेल."