धाकटीचा चेहरा

घरचं काम म्हणजे फुकटचं आणि वर घाईचं. ताईने दुकानात येऊन निगेटिव्ह टेबलावर ठेवली आणि, आईची नजर जायच्या आत करून दे, म्हणाली. तिच्यात बाकावर आम्ही तिघं भावंडं: ताई, मी आणि मध्ये धाकटी. धाकटी लहानपणीच तापाने गेली. तिचा हा एकच फोटो, आणि बुरशीने नेमका तिचाच चेहरा खाल्लेला. आईला तो एकदा बघायचा होता.

जुने फोटो दुरुस्त करणं हा माझा धंदा. निगेटिव्ह स्कॅन करायची, आणि जिथे काहीच उरलेलं नाही तिथे शेजारचा चांगला तुकडा उचलून लावायचा. शेजारी मी होतोच. ऊन तेच, रक्तही तेच. माझ्या गालावरून तिचा गाल केला, हनुवटीवरून हनुवटी. छान जमलं. डोळे तेवढे राहिले.

दुसऱ्या दिवशी फाइल उघडली तर बुरशी माझ्या गालावर. बुरशी फिल्मवर धरते, कॉम्प्युटरमध्ये नाही, एवढं मला कळतं. निगेटिव्ह काढून दिव्यावर धरली. फिल्मवरही धाकटीचा गाल स्वच्छ होता आणि डाग माझ्यावर होता. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

शेजारचा शिंपी दारात आला. आमचा चहा रोज बरोबर होतो. माझ्याकडे पाहून तो जरा घुटमळला.

"मालक कुठे गेलेत?"

थट्टेची त्याला खोडच आहे, म्हणून मी हसलो. तो हसला नाही.

मग मात्र माझं धाबं दणाणलं. निगेटिव्ह पाकिटात घातली. ताईला सरळ सांगायचं ठरवलं की हे काम माझ्याच्याने होणार नाही. तेवढ्यात तिचाच फोन आला.

"बापू, आईला आता माणसंसुद्धा धूसर दिसतात रे. आज देशील ना?"

आईने उभ्या जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मला भीती वाटत होती, खूप वाटत होती. तरी मी माझे डोळे उचलले आणि धाकटीला लावले.

संध्याकाळी ताई आली. फोटोत बाकावर दोघीच होत्या. माझ्या जागी मागची भिंत दिसत होती. ताईने फोटो उजेडात नेला आणि रडू लागली.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो. ती अंग चोरून मागे सरकली.

"फार उपकार झाले तुमचे," ती म्हणाली. "आम्ही दोघीच बहिणी. ही गेली, मग आईला मी एकटीच."

फोटो पदराखाली धरून ती निघाली. दारात थांबली. मला रडताना पाहून तिला वाईट वाटलं असावं.

"तुम्हाला बहीण आहे का हो?" तिने विचारलं.