अठराव्या खांबापासून

हेरिंग पॉइंट गावात जून महिन्यात सरोवरावरून जे धुकं येतं, ते काही साधंसुधं नसतं. एका गृहस्थानं अशाच एका सकाळी घराला रंग द्यायला घेतला. दुपारी धुकं उठल्यावर बघतो तर शेजाऱ्याचं घर पिवळंधमक! शेजारी सकाळपासून खिडकीत कॉफी पीत बसला होता, पण एका शब्दानं बोलला नव्हता. मिनेसोटाचा हा उत्तरेकडचा कोपराच तसा. विचारल्याशिवाय कुणी बोलत नाही, आणि विचारायचं धाडस तर कुणीच करत नाही.

अशाच धुक्यात सनेल्मा आपल्या भाचीला बोटाशी धरून तळ्याच्या पार्कात आली. भाचीचं नाव लेंपी. वय साडेचार. तिची आई सरोवरातून लोखंडाचं खनिज नेणाऱ्या एका जहाजावर स्वयंपाकीण होती, आणि ऑगस्टअखेरपर्यंत काही किनाऱ्याला लागणार नव्हती. म्हणून मावशी शिकागोच्या विमा कंपनीतून दहा आठवड्यांची बिनपगारी रजा काढून आली होती. लेंपीच्या हातात ग्रंथालयानं दिलेली वाचनवही होती. गावातली तीन ग्रंथालयं, चार पार्क आणि एक पुस्तकांची बस, असे आठ शिक्के जमवले की हवं ते एक पुस्तक कायमचं आपलं!

तळ्याच्या पार्काची गंमत अशी की तिथे गोष्ट चालत चालत वाचायची. तळ्याभोवती अठरा लाकडी खांब, आणि प्रत्येक खांबावर काचेखाली चित्रांच्या पुस्तकाचं एकेक पान. मुलं पळत पळत पुढच्या खांबाशी जातात, आणि मोठी माणसं धापा टाकत मागून.

गाडी लावून दोघी पहिल्या खांबाशी आल्या. सनेल्मानं वाचलं, "आणि मग पोट भरलेलं अस्वल गाढ झोपी गेलं. समाप्त."

लेंपीनं वर पाहिलं. "मग?"

"मग... पुढे बघू या."

चौथ्या खांबावर अस्वल नदीत उभं होतं आणि तोंडातला मासा पाण्यात सोडत होतं. निदान लेंपीला तरी तसंच दिसलं. "मावशी! ते मासे परत देतंय! किती शहाणं आहे!" नवव्या खांबावर मधाचं पोळं परत केलं, बाराव्यावर बोरं झुडपाला. आणि अठराव्या खांबावर हाडं वर आलेलं अस्वल गुहेच्या तोंडाशी उभं. 'एकदा एक अस्वल होतं. त्याला फार भूक लागली होती.'

लेंपीनं भोकाड पसरलं. "सगळं सगळं देऊन टाकलं, आणि आता त्यालाच काही नाही..."

तेवढ्यात धुक्यातून घरघर आली, मागोमाग गवत कापायचं लाल यंत्र, आणि त्यावर बसलेला एक उंच माणूस. टोपीवर गवत, बुटांवर गवत, भुवयांवरसुद्धा गवत.

"ही पानं तुम्ही लावलीत?" सनेल्मानं कमरेवर हात ठेवून विचारलं.

त्यानं यंत्र बंद केलं. पानाकडे पाहिलं. मग रडणाऱ्या लेंपीकडे. "...हो."

"उलटी लावलीत!"

"माझी शेड इकडे आहे," तो खूप विचार करून म्हणाला. "मी या बाजूनं येतो. माझा पहिला खांब हाच."

"सगळं गाव त्या बाजूनं येतं हो!"

"गाव गाडी तिकडे लावतं. त्याला मी काय करू?"

सनेल्माला हसू येत होतं, पण भांडण जिंकल्याशिवाय हसायचं नाही असा तिचा नियम होता. लेंपी मात्र थेट मुद्द्यावर आली. "अस्वलाला जेवायला दे."

त्यानं मुकाट्यानं डबा उघडला आणि माशाचं अर्धं सँडविच खांबावर ठेवलं. "आपण गेलो की येऊन खाईल."

"आत्ता का नाही?"

"आत्ता ते लाजतंय."

"अस्वल लाजतंय?" सनेल्मा हळूच म्हणाली. "की आणखी कुणी?"

त्या माणसाचे कान यंत्रापेक्षा लाल झाले. त्याचं नाव ऑरिन. हे तिला त्याच्या खिशावर शिवलेल्या पट्टीवरून कळलं. स्वतःहून सांगेल तर तो हेरिंग पॉइंटचा कसला!

दुसऱ्या दिवशी पानं सरळ लागली होती. सँडविच गायब होतं. त्या पार्कातल्या खारी इतक्या माजलेल्या की त्यांच्या वजनानं पाइनच्या फांद्या जमिनीला टेकतात, त्यामुळे त्यात नवल काही नव्हतं. नवल होतं ते काचेच्या कडेला खोचलेल्या चिठ्ठीचं. पेन्सिलीनं काढलेलं एक अस्वल, मिशांना पावाचे कण, आणि खाली लिहिलेलं, 'आभारी आहे. मोहरीची चटणी जास्त झाली होती.'

"अस्वलानं लिहिलं!" लेंपी किंचाळली.

"अं... दिसतंय तसं," सनेल्मा म्हणाली. पण तिच्या मनात एक बारीकशी कुतूहलाची मुंगी चालायला लागली ती लागलीच.

त्यानंतर काय झालं विचारू नका. दोघी शिक्क्यांसाठी गाव पालथं घालत होत्या, आणि अस्वल त्यांच्या एक पाऊल पुढे. जुन्या अग्निशमन केंद्रातलं ग्रंथालय, जिथे वरच्या मजल्यावरची मुलं पुस्तकं पोटाशी धरून खांबावरून घसरत खाली येतात, तिथे शब्दकोशाच्या मागे चिठ्ठी. दीपगृहाच्या पार्कातल्या पुस्तकांच्या पेटीत चिठ्ठी. पुस्तकांच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या सीटखाली चिठ्ठी! 'बदकं विचारत होती, तुझ्या मावशीला काय आवडतं?' लेंपी गंभीरपणे उत्तर लिहून घ्यायला लावायची, आणि मावशीला स्वतःच्याच हातानं लिहावं लागायचं. 'मावशीला ब्लूबेरीची पाई, पाऊस आणि वाद घालणं आवडतं.'

शेवटी सनेल्मानं मुख्य ग्रंथालयात टॉफ्टेबाईंना गाठलं. टॉफ्टेबाई चाळीस वर्षं त्या टेबलामागे होत्या. त्या नुसत्या चष्म्यावरून पाहायच्या आणि उशिरा परत येणारी पुस्तकं म्हणे घरी आपोआप कपाटातून खाली उतरायची.

"बाई, हे अक्षर कुणाचं ओळखता का?"

टॉफ्टेबाईंनी चिठ्ठी पाहिली. "अस्वलाचं."

"बाई!"

"त्याच्याकडे आमचं कार्ड आहे. आणि वाचकांची माहिती आम्ही कुणालाही देत नाही. पोलिसांना दिली नाही, तुला कशी देऊ?" मग शिक्का उमटवताना त्यांनी तिच्यासमोर एक कागद सरकवला. "त्यापेक्षा हे बघ. मुलांच्या विभागात जागा आहे. अर्ज ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी बारापर्यंत."

"मी त्याच्या दुसऱ्याच दिवशी शिकागोला परत जाणार आहे, बाई."

"कागद वजनाला हलका आहे. ने."

तिनं नेला. त्याच संध्याकाळी भरूनसुद्धा टाकला... आणि पिशवीच्या तळाशी ठेवून दिला. दिला अर्ज, तर घर सोडायचं, नोकरी सोडायची. कशासाठी? चिठ्ठ्या लिहिणाऱ्या अस्वलासाठी?

जुलैच्या एका दुपारी पावसानं त्यांना पार्कातल्या वाद्यवृंदाच्या छपरीत कोंडलं. ऑरिन आधीच तिथे उभा होता. लेंपी छपरीच्या कडेनं पडणाऱ्या धारा मोजत फिरू लागली. पत्र्यावर टपटप... टपटप... आणि ओल्या गवताचा वास. तो पावसाचा होता की त्याचा, हे सांगणं कठीण.

सनेल्मानं कालची चिठ्ठी उघडून त्याच्यासमोर धरली. कोपऱ्यात अंगठ्याचा हिरवा ठसा होता. "अस्वलं गवत कापतात का हो?"

ऑरिननं हात खिशात घातले. "...नोकरी मिळाली तर कापतील."

"आणि बदकं खरंच माझ्याबद्दल विचारतात?"

"फार चौकस आहेत."

"काय विचारतात?"

"हेच की... ती वाद घालते तेव्हा तिच्या डाव्या गालावर खळी पडते, ती तिला ठाऊक आहे का."

"हे बदकांनी पाहिलं?"

"एका बदकानं."

ती हसली. खळी पडली. तो पावसाकडे बघत राहिला. पण मघापासून एकाच थेंबाकडे.

"तुम्ही असंच तोंडानं का नाही बोलत?"

"मला सुरुवात करता येत नाही," तो म्हणाला. "शेवट येतो. सुरुवात... नाही."

ऑगस्ट भराभर सरला. सात शिक्के झाले. तळ्याच्या पार्काचा शिक्का लेंपीनं मुद्दाम शेवटाला ठेवला होता, नाहीतर अस्वलाला वाटेल की आपलं संपलं. गुरुवारी सनेल्मानं ऑरिनला यंत्रावरच गाठलं.

"मी शनिवारी जातेय."

"हं."

"फक्त 'हं'?"

त्यानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं... आणि यंत्र चालू केलं. घर्रर्र! ती संतापानं इतकी तापली की तिच्या वाटेतलं ओलं गवत सुकून गेलं म्हणतात.

"अस्वल लाजतंय," लेंपीनं समजावलं.

"अस्वल मूर्ख आहे!"

शुक्रवारी अकरा वाजता दोघी शेवटच्या शिक्क्यासाठी आल्या. पिशवीच्या तळाशी अर्ज होता. टाकून द्यायचाही तिला धीर झाला नव्हता. पहिल्या खांबावर आज छापील पान नव्हतंच. पेन्सिलीचं चित्र होतं. बाकावर दोन जख्ख म्हातारी माणसं, मधे एक सँडविच, मागे झोपलेलं अस्वल. 'आणि अशी ती दोघं सुखानं राहिली. मोहरी अजूनही जास्तच होत होती. समाप्त.'

"पुन्हा उलटी लावली, वेंधळ्यानं..." सनेल्मा म्हणाली, आणि थांबली. म्हातारीच्या डाव्या गालावर खळी होती.

"मग?" लेंपी पुढे पळाली.

दुसऱ्या खांबावर पांढऱ्या केसांची ती दोघं गोठलेल्या तळ्यावर मासे धरत होती आणि कुणाचा मासा मोठा यावरून वाद घालत होती. पाचव्यावर एका प्रचंड जहाजाची कप्तान शिट्टी वाजवत होती, तिच्या टोपीवर लिहिलं होतं 'लेंपी'. "मी!" सातव्यावर एक घर अर्धं पिवळं, अर्धं निळं, कारण रंगावर एकमत झालं नव्हतं. दहाव्यावर ब्लूबेरीची पाई जळलेली, आणि धुरात दोघं हसताहेत. तेराव्यावर टॉफ्टेबाई लग्नाच्या दाखल्यावर परतीच्या तारखेचा शिक्का मारायला निघालेल्या, आणि दोघंही त्यांचा हात धरताहेत.

खांबागणिक चित्रातली माणसं तरुण होत होती, आणि सनेल्माची पावलं भराभर पडत होती. कडेच्या पाण्यात मासे तिच्या बरोबरीनं पोहत होते. खोटं नाही, त्या तळ्यातल्या माशांना गोष्ट अर्धी सोडवत नाही.

सतराव्या खांबावर एक बाई कागद उंच धरून ग्रंथालयाच्या पायऱ्या चढत होती. घड्याळात बाराला दोन मिनिटं.

"म्हणजे आजच..." ती पुटपुटली.

अठराव्या खांबावर धुकं, एक मावशी, एक भाची, आणि टोपी हातात धरलेला एक माणूस. 'एकदा एक माणूस होता. त्याला काहीतरी विचारायचं होतं.' त्याखाली कोरा कागद.

खांबाशेजारी टोपी हातात धरून ऑरिन उभा होता.

"पुढचं?" सनेल्मानं कोऱ्या कागदावर बोट ठेवलं.

"पुढचं सगळं वाचलंस तू. इथपर्यंतच मला... जमत नव्हतं."

"मग विचार ना आता!"

त्यानं टोपीतलं गवत झटकलं. टोपीत गवत नव्हतंच. मग पाण्यात पहिल्यांदा उडी मारणाऱ्या पोरासारखा डोळे मिटून म्हणाला, "राहशील? माझ्यासाठी... म्हणजे बदकांसाठी नाही. माझ्यासाठी."

सनेल्मानं मान वर केली. भांडण जिंकली होती की हरली होती, तिला काही कळेना, पण नियम मोडून ती आधीच हसत होती.

"राहीन. पण अर्जाचं तुला कुणी सांगितलं? टॉफ्टेबाई तर कुणाची माहिती देत नाहीत!"

"वाचकांची देत नाहीत. त्या म्हणाल्या, अर्ज म्हणजे काही वाचक नव्हे."

"किती वाजले?"

"बाराला वीस कमी."

"अगं बाई! आणि गाडी पार तिकडे, पहिल्या खांबाशी!"

"शेड इकडे आहे," ऑरिन म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो लगेच बोलला.

खांबाला दोरीनं बांधलेला शिक्का लेंपीनं वहीवर धाडकन उमटवला. मग ऑरिन यंत्रावर, आणि यंत्राला मागे जोडलेल्या छोट्या गाड्यात गवताच्या पोत्यांवर मावशी-भाची, अशी वरात मुख्य रस्त्यानं निघाली. वाटेत एका कासवानं त्यांना मागे टाकलं. पण ते कासव भला माणूस, पुढे जाऊन चौकातली रहदारी थांबवून उभं राहिलं. बाराला दोन मिनिटं असताना सनेल्मा कागद उंच धरून पायऱ्या चढली, अगदी चित्रातल्यासारखी.

टॉफ्टेबाईंनी अर्जावर शिक्का मारला, वाचनवहीवर मारला, आणि शिक्का धरलेला हात जरा वर करून ऑरिनच्या कपाळाकडेही रोखून पाहिलं. "फार उशीर केलास," त्या म्हणाल्या. "पण दंड माफ."

बाहेर पायरीवर तिघं बसली. सनेल्माच्या केसांतली गवताची काडी ऑरिननं काढली, आणि टाकून न देता खिशात ठेवली. तिनं ते पाहिलं. पाहिलेलं त्यालाही कळलं.

लेंपी आठ शिक्के पुन्हा मोजत होती. मोजून झाले तशी तिनं मान वर केली.

"मग?"

सनेल्मानं ऑरिनच्या हिरव्या अंगठ्याभोवती आपली बोटं गुंफली.

"मग काय... दोन खांब झाले, अजून सोळा चालायचेत."

"उलटे?"

"नाही गं," मावशी म्हणाली. "आता सरळ."